युनियन कुटुंबातील पुढील शिक्षण: शिष्यवृत्ती, करारातील तरतूद की मोफत कॉलेज?

अमेरिकेत युनियनचे सभासद असलेल्या कुटुंबाला शिक्षणासाठी आर्थिक मदत मिळण्याचे मार्ग वरवर पाहता पुष्कळ दिसतात. परंतु शिकणार कोण, म्हणजे हायस्कूल संपवणारे मूल, नोकरी सांभाळून शिकू पाहणारा सभासद की त्याचा जोडीदार, हे एकदा ठरले की त्यांतील बरेचसे मार्ग आपोआप बंद होतात. म्हणूनच रकमांची तुलना करण्याआधी पात्रतेची तुलना करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

राष्ट्रीय पातळीवरील युनियनच्या शिष्यवृत्त्या प्रामुख्याने मुलांचा विचार करून आखलेल्या आढळतात. शिक्षकांच्या एएफटी या युनियनची रॉबर्ट जी. पोर्टर यांच्या नावाची योजना पाहा. सभासदाच्या हायस्कूलच्या अखेरच्या वर्षात असलेल्या मुलाची निवड झाली तर त्याला चार वर्षांत मिळून ८,००० डॉलर मिळतात, तर पुढे शिकणाऱ्या सभासदाला एकदाच १,००० डॉलरचे अनुदान दिले जाते. सार्वजनिक सेवेतील कर्मचाऱ्यांच्या एएफएससीएमई या युनियनची कौटुंबिक शिष्यवृत्ती दरवर्षी २,००० डॉलरप्रमाणे चार वर्षे चालते, मात्र तीही हायस्कूलमधून थेट कॉलेजात जाणाऱ्यांसाठीच आहे. यंत्रकामगारांच्या आयएएम युनियनने हा क्रम उलटा ठेवला असून तेथे सभासदाला वर्षाला २,००० आणि सभासदाच्या मुलाला १,००० डॉलर मिळतात. प्रौढ वयात शिकणाऱ्यावर घराची, नोकरीची आणि मुलांची जबाबदारी असते, त्यामुळे मला हाच विचार अधिक न्याय्य वाटतो.

जोडीदारासाठी दारे सर्वांत कमी आहेत आणि त्यांतले महत्त्वाचे म्हणजे युनियन प्लसची शिष्यवृत्ती. एएफएल-सीआयओ या कामगार महासंघाने १९८६ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेच्या योजनेत, सहभागी युनियनचे विद्यमान व निवृत्त सभासद, त्यांचे जोडीदार आणि अवलंबून असलेली मुले या सर्वांना अर्ज करता येतो. पदवी, पदव्युत्तर शिक्षण, कम्युनिटी कॉलेज, तांत्रिक शाळा यांपैकी काहीही चालते. ५०० ते ४,००० डॉलरची रक्कम एकदाच मिळते. अर्जाची मुदत साधारणपणे ३१ जानेवारीला संपते आणि निवड मेअखेरीस जाहीर होते. संस्थेचे क्रेडिट कार्ड किंवा विमा घेतलेला असण्याची अट नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण त्या गैरसमजापोटी काही जण अर्जच करत नाहीत. अर्जातील निबंधात युनियनचा आपल्या घराला काय आधार झाला, हे मांडायचे असते. तेथे 'युनियनमुळे आम्हाला पुष्कळ फायदा झाला' असे मोघम वाक्य लिहिण्यापेक्षा, आईच्या शस्त्रक्रियेचा खर्च करारातील आरोग्य विम्याने कसा पेलला, अशी एकच खरी घटना नीट सांगणे कितीतरी परिणामकारक ठरते.

एवढे करूनही शिष्यवृत्ती ही अखेर स्पर्धाच आहे. सभासद स्वतः शिकणार असेल, तर त्याने सर्वप्रथम आपला सामूहिक करार, म्हणजे युनियन आणि मालक यांच्यातील करार, उघडून त्यातील शिक्षणविषयक कलम वाचावे, हे मी आग्रहाने सांगेन. अनेक करारांत फीची भरपाई देण्याची तरतूद असते. तेथे कोणाशी चढाओढ नसते आणि अटी पूर्ण केल्या की पैसे मिळतात. अडचण अशी की पुष्कळदा फी आधी स्वतःच्या खिशातून भरावी लागते, ठरावीक श्रेणीत उत्तीर्ण झाल्यावरच ती परत मिळते, अभ्यासक्रम कामाशी निगडित असावा लागतो आणि ठरावीक काळाच्या आत नोकरी सोडल्यास रक्कम परत करावी लागू शकते. मालकाने दिलेली अशी मदत वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत केंद्रीय आयकरातून मुक्त ठेवता येते, त्यामुळे दीर्घ अभ्यासक्रमात एकदाच मिळणाऱ्या शिष्यवृत्तीपेक्षा हा मार्ग बहुधा सरस ठरतो. काही क्षेत्रांत युनियन आणि मालक मिळून प्रशिक्षण निधी चालवतात. न्यूयॉर्कमधील आरोग्य कर्मचाऱ्यांचा ११९९एसईआययू निधी १९६९ पासून मालकांच्या करारबद्ध योगदानावर उभा आहे आणि रुग्णालयातील मदतनिसाला परिचारिकेच्या शिक्षणापर्यंत नेण्याचे काम असे निधी करतात. या मार्गाची उणीव एवढीच की त्याचा लाभ बहुतेक वेळा सभासदालाच मिळतो, घरातील इतरांना नाही.

मोफत कॉलेजच्या योजना कुटुंबातील सर्वांना सामावून घेतात, म्हणून त्या आकर्षक वाटतात, पण येथे सावध राहणे आवश्यक आहे. ओहायोमधील ईस्टर्न गेटवे कम्युनिटी कॉलेजने युनियन कुटुंबांसाठी ऑनलाइन मोफत शिक्षण सुरू केले आणि सरकारी अनुदान वजा जाता उरलेली फी माफ करण्याची पद्धत ठेवली. पेल अनुदान, म्हणजे कमी उत्पन्न गटासाठीचे केंद्रीय अनुदान, घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर इतरांच्या तुलनेत जादा आकार पडतो, असा आक्षेप घेऊन केंद्रीय शिक्षण विभागाने २०२२ मध्ये या योजनेतील नवे प्रवेश थांबवण्याचा आदेश दिला आणि २०२४ मध्ये ते कॉलेजच बंद झाले. अशा योजनेत प्रवेश घेण्याआधी कॉलेजची मान्यता कोणत्या स्थितीत आहे हे तपासावे आणि तेथील श्रेयांक दुसरे कॉलेज स्वीकारील का, हे त्या दुसऱ्या कॉलेजकडूनच लेखी घ्यावे.

आणखी एक गोष्ट या तुलनेत सहसा धरली जात नाही. बाहेरून मिळालेली शिष्यवृत्ती कॉलेजला कळवावी लागते आणि तेवढ्याच रकमेने कॉलेज आपले अनुदान कमी करू शकते. समजा, १,००० डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली आणि कॉलेजने स्वतःचे अनुदान १,००० डॉलरने घटवले, तर घराच्या हाती काहीच पडत नाही. म्हणून अर्ज करण्यापूर्वीच आर्थिक मदत कार्यालयाला, कपात करायची झाल्यास ती आधी कर्जातून कराल का, असे विचारावे. मेरीलँड राज्याने २०१७ मध्ये सार्वजनिक कॉलेजांतील अशा कपातीवर कायद्याने बंधन घातले. शिष्यवृत्तीची रक्कम फी आणि पुस्तकांवर खर्च झाली तर पदवी मिळवण्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तिच्यावर आयकर लागत नाही, राहण्या-जेवणावर खर्च झालेल्या भागावर मात्र लागतो.

स्थानिक शाखेच्या शिष्यवृत्त्या रकमेने लहान असतात, पण त्यांच्यासाठी अर्जदारही तुलनेने थोडे असतात. त्यांची माहिती शाखेच्या सभेत, वार्तापत्रात किंवा शॉप स्टुअर्डकडे, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या युनियन प्रतिनिधीकडे, मिळते. सभासद लवकरच निवृत्त होणार असेल किंवा कामकपातीची शक्यता असेल, तर सभासदत्व अखंड चालू असल्याचा दाखला शाखेकडून आताच घेऊन ठेवावा, कारण युनियन प्लससाठी किमान एका वर्षाचे अखंड सभासदत्व लागते आणि काही युनियनच्या योजनांत ही अट त्याहून कडक असते.