जुनं काढलं म्हणतोय, मग टाकलं कुठं?

माझे आबा कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ३२ वर्षं बॉयलर अटेंडंट होते. दसऱ्याच्या सुमाराला बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं की गळीत संपेपर्यंत हा माणूस घरी फक्त जेवायला आणि झोपायला यायचा. त्यामुळे इंग्लंडमधल्या एका लिलावात वाफेवर चालणारं छोटं इंजिन दिसलं तेव्हा मी विचार न करताच हात वर केला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं असावं. लाकडी फळीवर बसवलेलं, तळहाताएवढं फ्लायव्हील, शेजारी १० इंच लांब आणि ४ इंच व्यासाचा तांब्याचा बॉयलर, त्याच्याखाली तीन वातींचा स्पिरिटचा दिवा. ४२० पौंडांना पडलं.

बॉयलरभोवती हिरव्या रंगाचा पत्रा गुंडाळलेला आणि त्यावर तीन पितळी पट्ट्या होत्या. पत्र्याची एक कड वाकलेली होती. तिथून जुन्या गादीतून कापूस डोकवावा तसं काहीतरी पांढुरकं डोकावत होतं. मी बोट लावणार तेवढ्यात नवरा ओरडला, "हात लावू नकोस!" तो बांधकामात आहे, त्याला लगेच कळलं. ॲसबेस्टॉस.

त्याचे बारीक तंतू श्वासातून छातीत गेले की कॅन्सरचा धोका, म्हणून इथे इंग्लंडमध्ये निळ्या आणि तपकिरी ॲसबेस्टॉसवर १९८५ साली बंदी आली, पांढऱ्यावर १९९९ साली. त्याआधी घरी मॉडेल बनवणाऱ्या हौशी माणसांच्या हाताशी उष्णता अडवायला तीच वस्तू असायची. ॲसबेस्टॉसचा कागद ओला करायचा, बॉयलरला लपेटायचा, वरून पत्रा ठोकायचा. आमच्या आबांनी तर त्याची मोठी आवृत्ती पाहिलेली. पाइपांवर थापायचं लॅगिंग, म्हणजे उष्णता धरून ठेवणारा लेप, पावडरीच्या पोत्यातून यायचं. घमेल्यात पाणी घालून भाकरीच्या पिठासारखं मळायचं, उघड्या हातांनी. मिशा पांढऱ्या व्हायच्या म्हणे. हे ते हसत सांगायचे, आणि आम्हीही हसायचो.

ते काढून नवं बसवून देणारा कुणी मिळतो का, याची चौकशी सुरू केली. एका प्रदर्शनात एक गृहस्थ भेटले. साठीचे, अंगात डगला, खिशात कॅलिपर. त्यांची कार्यशाळा पाहायला गेले तर भिंतीवर हत्यारं मापाप्रमाणे टांगलेली, चहा हातात आला, आणि माणूस बोलायला लागला की ऐकत राहावं. ॲसबेस्टॉस कोरडं खरवडायचं नाही, आधी साबणाच्या पाण्याने भिजवायचं. काढलेलं दुहेरी पिशवीत घालायचं. साधा व्हॅक्यूम क्लीनर कधीही लावायचा नाही, तो तंतू घरभर उडवतो. हे सगळं त्यांनी सांगितलं आणि यातला शब्द न् शब्द खरा आहे. मला फसवलं ते याच खऱ्या बोलण्याने. इतकं नेमकं माहीत असलेला माणूस तेच करत असेल, असं आपण धरून चालतो.

जुनं काढणं, त्याची विल्हेवाट, १२६० अंश सोसणारं सिरॅमिक फायबर, वर महोगनीच्या पट्ट्या आणि नवे पितळी पट्टे, सगळे मिळून ३४० पौंड. रोख दिले तर ३००. मी रोख दिले. हो, दिले. पुढच्याने तरी देऊ नयेत म्हणून लिहितेय.

त्या रविवारी आबांना व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आगं, पर जुनं काढून त्यो टाकणार कुठं?"

"आबा, इथे त्याची सोय असते हो. इथे असं कुणी कुठेही टाकत नाही."

"मी कुठंबी म्हनलो न्हाई. कुठं, म्हनलो."

मी विषय बदलला. परदेशात दहा वर्षं काढली की आपल्याला एक शिष्टपणा चिकटतो, त्याचं हे उदाहरण.

पाच आठवड्यांनी बॉयलर आला. देखणा! पट्ट्यांचे सांधे दिसत नव्हते, पितळेच्या स्क्रूंच्या खाचा सगळ्या एका रेषेत. सोबत कामाच्या टप्प्यांचे तीन फोटो, हाताने लिहिलेलं बिल (त्यात "जुनं इन्सुलेशन काढलं" असं स्पष्ट) आणि एका प्रयोगशाळेच्या अहवालाची झेरॉक्स: नमुन्यात ॲसबेस्टॉस आढळलं नाही. मी ते सगळं फाइलला लावलं आणि इंजिन दिवाणखान्यात मांडलं.

आठ महिन्यांनी जवळच्या मॉडेल इंजिनिअरिंग क्लबात नाव घातलं. तिथे नियम असा की बॉयलरची चाचणी झाल्याशिवाय वाफ करायची नाही. तपासनीस आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर. त्यांनी बॉयलर उलटासुलटा केला, बिल वाचलं आणि बॉयलर ज्या लोखंडी पाळण्यात बसतो त्याच्या कडेवर अंगठा फिरवला. जुन्या काळ्या रंगात तेवढीच कड लखलखीत होती. कानशीने ताजी घासलेली.

"हे का घासलं असेल?" त्यांनी विचारलं.

मला सांगता येईना. त्यांनीच सांगितलं. जुनं काढून तेवढ्याच जाडीचं नवं घातलं असतं तर बॉयलर पूर्वीच्या जागी बसला असता. तो बसेना म्हणून पाळणा घासून मोठा केला. म्हणजे बॉयलर जाड झालाय. मग त्यांनी मास्क लावला, एक पट्टा सैल केला, एकच पट्टी जेमतेम दोन मिलिमीटर उचलून टॉर्च मारला आणि तितक्याच हळू परत दाबली. वर प्लॅस्टिकची पिशवी चढवली. सिरॅमिक वगैरे काही नव्हतंच. फक्त पत्रा काढून, जुन्या थरावर सुताराचा पांढरा डिंक फासून, त्यावर लाकूड बसवलं होतं.

मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ओला नमुना दुहेरी पिशवीतून गेला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून उत्तर आलं: क्रायसोटाइल, म्हणजे पांढरं ॲसबेस्टॉस. मग मी फाइलमधली ती झेरॉक्स पहिल्यांदा नीट वाचली. नमुन्याचं वर्णन होतं "राखाडी सिमेंटचा तुकडा". कुणाच्या तरी गॅरेजच्या छपराचा अहवाल असणार तो. फोटोंत जो उघडा बॉयलर होता त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह मधोमध होता, माझ्याला तो एका टोकाला आहे. हे सगळं आठ महिने माझ्या कपाटात होतं.

फोन केला तेव्हा गृहस्थ जराही गडबडले नाहीत. "ॲसबेस्टॉस हलवण्यापेक्षा जागच्या जागी बंद करणं जास्त सुरक्षित, हे तुम्हाला कुणीही सांगेल." पुन्हा अर्धं खरं! इमारतीत, कुणाचा हात लागणार नाही अशा जागी, थर शाबूत असेल तर तसं करतातही. पण हा बॉयलर आहे. प्रत्येक वेळी तापणार, गार होणार, वाफ आणि पाणी खाणार, आणि तपासणीसाठी कुणीतरी तो उघडणार. ती पट्टी त्या आजोबांनी बेसावधपणे उपटली असती तर? आणि बिलात "काढलं" लिहिलंय, "झाकलं" नाही. गृहस्थांनी ५० पौंड परत देऊ केले. मी नाही म्हटलं. नंतर फोन बंद. बिलावरचा पत्ता भाड्याच्या शेडचा निघाला, ती रिकामी झाली होती. ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आहे. छोट्या दाव्यांचा मार्ग इथे आहे, पण दावा लावायला प्रतिवादीचा पत्ता लागतो, आणि रोख पैशांमुळे बँकेकडेही दाद मागता येत नाही.

आता आबांच्या प्रश्नाकडे येते, कारण तो विचारला असता तर हे सगळं तिथेच संपलं असतं. ॲसबेस्टॉस खरंच काढलं असेल तर ते हवेत विरत नाही. ते कुठेतरी जातं, आणि धंदा म्हणून काढणाऱ्याला इंग्लंडमध्ये तो धोकादायक कचरा कागदासकट सोपवावा लागतो. कुठून निघाला, किती, कुणी नेला, कुठे उतरवला, हे त्या कागदावर असतं. "ॲसबेस्टॉस नाही" हा अहवाल फक्त पाठवलेल्या तुकड्याबद्दल बोलतो, आणि तुकडा कुणाचा हे पाठवणारा ठरवतो. कचऱ्याचा कागद मागा. आणि नवं चढवायच्या आधी उघडा तांब्याचा बॉयलर स्वतःच्या डोळ्यांनी बघा, गाडीभाडं पडलं तरी चालेल.

त्या १२६० अंशांचंही सांगते, कारण त्या आकड्यानेही माझे डोळे दिपले होते. ४० पाउंड प्रेशरला वाफेचं तापमान साधारण १४० अंशांच्या आसपास असतं. आपल्या घरचा कुकर साधारण १५ पाउंडांवर चालतो, त्याच्यापेक्षा थोडं पुढे, इतकंच. एवढ्याला लोकरीचा नमदा आणि वर लाकडी पट्ट्या कितीतरी जण वापरतात. जिथे ज्योत प्रत्यक्ष लागते तिथे सिरॅमिक लागेल, पण त्याची धूळही छातीत घ्यायची वस्तू नाही, मास्क तिथेही हवाच. आणि सगळ्यांचं लक्ष बॉयलरच्या अंगावर असतं, दिव्याच्या वाती मात्र राहून जातात. जुन्या स्पिरिटच्या दिव्यात वाती ॲसबेस्टॉसच्या असायच्या. पिस्टन रॉडच्या ग्लँडमधला, म्हणजे रॉडभोवतीच्या फटीतून वाफ गळू नये म्हणून भरतात तो, काळा ग्रॅफाइटचा दोरासुद्धा. माझ्या बिलात या दोन्हींचा उल्लेखच नव्हता आणि मला ते खटकलं नाही.

भारतात कुणी हे करत असेल तर जास्त जपा. तिथे पांढऱ्या ॲसबेस्टॉसवर सरसकट बंदी नाही, सिमेंटचे पत्रे आजही विकले जातात. मागच्या दिवाळीत मुंबईत नागदेवी स्ट्रीटला ग्लँडचा दोरा मागितला तर दुकानदाराने सहज विचारलं, "ॲसबेस्टॉसचा देऊ का सिरॅमिकचा?" दोन्ही रिळं शेजारी शेजारी, दोन्ही पांढरी. हातात धरून ओळखता येत नाही. काडी लावून बघायला सांगणारे भेटतात. पण जळत नाही तेही, आणि हेही.

शेवटी ॲसबेस्टॉस काढणाऱ्या एका छोट्या कंपनीने १८० पौंड घेतले आणि बॉयलर नागडा करून दिला, कचऱ्याच्या कागदासह. तेव्हा दुसरी गोष्ट उघडी पडली. पोटाला रुपयाच्या नाण्याएवढं ठिगळ, शिशाच्या डाखेचं. ही डाख १८० अंशांच्या पुढे वितळायला लागते, बॉयलरला चांदीची लागते. पाणी भरून हातपंपाने दाब चढवला. ६० पाउंडांपर्यंत न्यायचा होता, ५० लाच ठिगळाच्या कडेने थेंब उभा राहिला. क्लबातल्या तपासनीस आजोबांनी पंप सोडला आणि वहीत नापास लिहिलं. पाण्याने चाचणी घेतात ती यासाठीच, फुटलं तरी नुसतं ओलं होतं. त्या गृहस्थांना हे ठिगळ माहीत असण्याचं कारण नाही, कारण त्यांनी तिथवर उघडलंच नव्हतं. मी मात्र त्याच बॉयलरवर दिवाणखान्यात वाफ करणार होते, मुलाच्या वाढदिवसाला.

आता बॉयलर बाजूला ठेवलाय. इंजिन छोट्या कंप्रेसरवर फिरतं. आबांना सरप्राइज म्हणून बॉयलर कॅमेऱ्यात येणार नाही असा फोन धरला आणि फ्लायव्हील दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"हवंवर चालवतीस व्हय गं?"

"कसं ओळखलंत?"

"वाफ असती तर फळी वली झाली असती."