पेजमेकर आणि व्हेंचुरा: पानाच्या मांडणीचे दोन विचार

१९८५ साली अॅपलच्या मॅकिंटॉश संगणकासाठी आलेल्या, ऑल्डस कंपनीच्या पेजमेकर या प्रोग्रॅमने कात्री आणि गोंद घेऊन होणारी पानाची मांडणी पडद्यावर आणली. मजकुराचा तुकडा उचलावा, हवा तिथे ठेवावा आणि पोस्टस्क्रिप्ट (पानाचे वर्णन प्रिंटरला सांगणारी भाषा) समजणाऱ्या लेसर प्रिंटरवर लगेच छापून पाहावा, ही मोकळीक जाहिराती व पत्रकांसाठी अमूल्य होती. पुढच्याच वर्षी डॉस या पीसीच्या कार्यप्रणालीवर आलेल्या व्हेंचुरा पब्लिशरने मात्र सुट्या पानाऐवजी संपूर्ण दस्तऐवजाचा विचार केला. त्यात परिच्छेदाला खूण जोडलेली असल्यामुळे त्या खुणेची शैली बदलताच प्रकरणभरातले मथळे एकदम बदलत, आणि मूळ मजकूर वर्ड प्रोसेसरच्या स्वतंत्र फाइलमध्येच राहत असल्याने लेखकाला तो तिथेच दुरुस्त करता येई. जाडजूड तांत्रिक पुस्तिकांसाठी व्हेंचुराच श्रेष्ठ होते, असे माझे ठाम मत आहे. शिकायला ते अवघड होते, हेही तितकेच खरे. १९९३ मध्ये व्हेंचुरा कोरेल या सॉफ्टवेअर कंपनीकडे गेले. १९९४ मध्ये ऑल्डस कंपनी अॅडोबी या कंपनीत विलीन झाली. पेजमेकरला व्यावसायिक कामातून आधी क्वार्कएक्सप्रेस या प्रतिस्पर्धी प्रोग्रॅमने मागे रेटले आणि १९९९ मध्ये आलेल्या अॅडोबीच्याच इनडिझाइनने पुढे त्याची जागा घेतली.