१६५ हर्ट्झचा मॉनिटर: पॅनेल चोख, सोबतची केबल कुचकामी

२७ इंच, १४४०पी (म्हणजे २५६०×१४४० ठिपक्यांचं चित्र), आयपीएस (बाजूनं पाहिलं तरी रंग टिकवणारं पॅनेल), सेकंदाला १६५ वेळा (हर्ट्झ) चित्र ताजं करणारा. चित्र झकास, घोळ आहे तो जोडणीत. खोक्यात एचडीएमआय केबल मिळते, पण एचडीएमआय २.० पोर्ट १४४०पीला १४४ हर्ट्झवरच अडकतं. १६५ हवेत तर डिस्प्लेपोर्ट लावा, तेही मदरबोर्डला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला. मग विंडोजच्या सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथं आकडा स्वतः बदला. नाहीतर बहुधा ६० वरच खेळत राहाल.

खेळताना पडदा क्षणभर काळा होतो? आधी डिस्प्लेपोर्ट केबल बदला: व्हेसा (डिस्प्लेपोर्टचं मानक ठरवणारी संस्था) प्रमाणित, दोन मीटरपर्यंतची. काही स्वस्त केबलींत विसावी पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते. मॉनिटरची वीज कार्डात शिरते आणि संगणक सुरू व्हायला कुरकुरतो.

ओव्हरड्राइव्ह (ठिपके रंग किती झपाट्यानं बदलतात, ते ठरवणारी मॉनिटरची सेटिंग) मधल्या पायरीवरच ठेवा. टोकाला नेलं की हलत्या वस्तूमागे फिकट सावली उमटते. सर्वांत वरच्या पायरीचं ‘एक्स्ट्रीम’ हे नाव जाहिरातीपुरतंच!

गोव्यात कळंगुट-कोलव्याकडच्या खाऱ्या हवेत पोर्टांवर गंज चढतो. प्लग काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, पूर्ण वाळू द्या. मेअखेर आणि दसऱ्याच्या सुमारास गडगडाट सुरू झाला की प्लग काढलेलाच बरा.