डीए पॉलिशर, आठ महिन्यांनी: मशीन चांगलं, वायरने वैताग

गाडीचा रंग चमकवायचं हे डीए (ड्युअल ॲक्शन) मशीन. आठव्या महिन्यात त्याच्या बॅकिंग प्लेटचं, म्हणजे पॅड चिकटवायच्या चकतीचं, वेल्क्रो गेलं. चालत्या मशीनवरून पॅड सुटला आणि थेट भिंतीला जाऊन आदळला. प्लेटवरचे बारीक हूक वितळून मधला भाग गुळगुळीत झालेला. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: ही झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत बसत नाही, सुटी प्लेट मिळत नाही, पूर्ण हेड घ्या. हेडची किंमत नव्या मशीनच्या निम्म्याजवळ. तेव्हा आधीच्या रिव्ह्यूतले चार स्टार आता तीन झालेत. त्यातला अर्धा स्टार प्लेटने खाल्लाय, उरलेला अर्धा वायरने.

स्पेक्स पुन्हा उगाळत नाही. १५ मिलिमीटर थ्रो (थरथरीचा झोका), ५ इंची प्लेट, ८०० वॅट, सोबत दोन पॅड आणि कंपाउंडची, म्हणजे ओरखडे घासून काढायच्या पेस्टची, एक बाटली.

प्लेट बाहेर सुटी मिळते, फक्त आटे बघून घ्या. काही मशीनांना एम८ बोल्ट असतो, काहींना ५/१६ इंची. जाडी जवळपास सारखीच, ८ आणि ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे चुकीची प्लेटही एक-दीड फेरा आरामात बसते आणि मग अडकते. तिथे पाना लावून जोर केला की स्पिंडलचे आटे गेले, आणि मग खरंच हेड घ्यावं लागतं. जुनी प्लेट दुकानात सोबत न्या. वेल्क्रो वितळायचं कारण उष्णता. पाच-सहा नंबरच्या वेगावर दाबून सलग दहा मिनिटं चालवलं, पॅड मध्यावर न लावता जरा बाजूला लागला, किंवा गरम पॅड तसाच ओढून काढला, की हूक जातात. पॅडला मधे भोक असेल तर हवा खेळते आणि प्लेट जास्त टिकते.

आता वायर. अडीच मीटर! बॉनेटच्या मध्यापर्यंत पोचलात की एक्स्टेन्शनचा जोड बरोबर फेंडरच्या कडेवर येऊन बसतो. शिवाय वायर कडक पीव्हीसीची, वळण धरून ठेवणारी. पार्किंगच्या फरशीवरून धूळ-खडी गोळा करत येते आणि ती सगळी क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, फिरवते. ओरखडे घालवायला आणलेलं मशीन शेपटीने नवे ओरखडे पाडतं. पाच-सहा हजारांच्या वस्तूत दोन-तीन मीटर वायर वाचवून कंपनीने किती पैसे वाचवले असतील? वायर खांद्यावरून पाठीमागे घ्या, आणि जोड मशीनपासून हातभर अंतरावर कापडात गुंडाळून बेल्टला बांधा. हे सुरुवातीपासून केलं नाही तर पहिल्याच पॅनेलवर पश्चात्ताप होतो.

मशीन सुरू करण्याआधी डाग कसला आहे ते ओळखा, कारण निम्म्या डागांना मशीन लागतच नाही. गाडी धुऊन पुसल्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून बोटं फिरवा. खरखर लागली तर काहीतरी वर चिकटलेलं आहे: डांबर, चीक, रंगाचे उडालेले थेंब, ब्रेकची लोखंडी धूळ. हे कापायचं नसतं, उचलायचं असतं. डांबराला कापडावर थोडं रॉकेल, मग लगेच शाम्पू. बाकीच्याला क्ले बार (चिकटलेली घाण उचलणारा मऊ गोळा), लिटरभर पाण्यात शाम्पूचे चार-पाच थेंब टाकून, पृष्ठभाग सतत ओला ठेवून. क्लेचा गोळा जमिनीवर पडला तर टाकून द्या, त्यात गेलेली वाळू धुऊन निघत नाही. खांबाला घासून बंपरवर आलेला पिवळा-पांढरा पट्टाही बहुतेक वेळा खोल गेलेला नसतो, वर लागलेला खांबाचा रंग असतो. हाताने थोडं कंपाउंड चोळलं की खाली आपला रंग शाबूत सापडतो. थिनर मात्र नको, विशेषतः गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवर.

बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके दोन प्रकारचे असतात. नुसता क्षार वर बसला असेल तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, सावलीत, थंड पत्र्यावर, ओला कपडा एक-दोन मिनिटं ठेवून धुऊन टाकायचं. ठिपका गेला पण त्याची कडा तिरप्या उजेडात दिसतेच आहे, तर क्षाराने क्लिअर कोट खाल्ला. ते काम मशीनचं. कबुतराच्या शीटेचंही तसंच. उन्हात पत्रा तापून क्लिअर कोट मऊ पडतो आणि शीट त्यात ठसा पाडते. वाळलेली खरवडू नका, ओला कपडा दहा मिनिटं ठेवा आणि उचलून घ्या.

खरा ओरखडा असेल तर त्यावर पाणी टाका. ओलं असताना नाहीसा झाला आणि वाळल्यावर परत आला, तर तो क्लिअर कोटमधला, बहुधा निघेल. नख अडकत असेल तर मशीनचा नाद सोडा. कारखान्यातल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाइतके किंवा थोडे जास्त. त्यात क्लिअर कोट ३५ ते ५०. नख अडकणारी रेघ सपाट करायची म्हणजे आजूबाजूचा सगळा थर तिच्या तळापर्यंत खाली आणायचा. रेघ जाते, पण ऊन अडवणारा थरही जातो. दर सर्व्हिसिंगला 'रबिंग-पॉलिश करून टाकू का साहेब' म्हणणाऱ्याला नाही म्हणायचं कारण हेच.

पहिल्या महिन्यात 'मशीनला जोर नाही, पॅड फिरायचा थांबतो' असं लिहिलं होतं. ते मागे घेतो. चूक दाबण्यात होती. डीएचा पॅड थरथरतो आणि त्याचबरोबर मोकळा फिरतो. जास्त दाबलं, किंवा वळणावर एकच कड टेकली, की फिरणं बंद आणि नुसती थरथर उरते. प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारा. रेघ फिरताना दिसली पाहिजे. मशीनचं वजन आणि वर हाताचा दोन-तीन किलो भार एवढंच पुरतं. आरशांच्या कडा आणि दारांमधले खांब यांना ३ इंची प्लेट-पॅड वेगळा घ्या.

दीड-दोन फूट चौकोन घ्यायचा. पॅडवर पॉलिशचे वाटाण्याएवढे चार-पाच थेंब, एक नंबरवर पसरायचं, मग चार-पाच नंबरवर सेकंदाला इंचभर सरकत, निम्मा पट्टा आधीच्या पट्ट्यावर चढवत, उभे-आडवे मिळून चार ते सहा फेरे. आधी मऊ पॅड आणि बारीक पॉलिश. जमलं नाही तरच कटिंग पॅड आणि कंपाउंड. दर चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडायचा. बॉक्समधले दोन पॅड एका हॅचबॅकलाही पुरत नाहीत, निदान पाच लागतात, हा खर्च आधीच धरा. कडांवर रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे मास्किंग टेप. प्लॅस्टिक बंपरला हात लावून बघत राहा. उष्णता पसरत नाही, एका जागी साठते.

कंपाउंडबद्दलही मत बदललं. सुरुवातीला वाटलं बाटली भारी आहे, बॉनेट आरशासारखं झालं होतं. तीन-चार धुण्यांत बारीक ओरखड्यांची जाळी हळूहळू परत! त्यात तेलकट भरणी आहे. ओरखडा निघत नाही, बुजतो. जुनी गाडी विकताना खोबरेल तेल फिरवतात तसलाच प्रकार, टूथपेस्टवाल्या व्हिडिओंचं रहस्यही बरंचसं यातच. म्हणून प्रत्येक चौकोन झाला की आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात १५-२० टक्के करून फवारा, पुसा, आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघा. जे दिसेल ते खरं. फुकट आलेली बाटली काढून टाकली आणि वेगळं कंपाउंड घेतलं, तेव्हाच मशीनची ताकद कळली. त्या कामाचा निकाल सहा महिने टिकून आहे. मात्र सोसायटीत वीस गाड्यांना एकच बादली आणि एकच फडकं असेल तर पंधरा दिवसांत जाळी परत येते, त्याला मशीन काय करणार.

खडीने उडालेल्या टिकल्यांना टच-अप बाटली. रंगाचा कोड दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पाटीवर असतो, नावावरून घेऊ नका. बाटलीचा ब्रश फार जाड, टूथपिक वापरा. पत्रा दिसत असेल तर आधी गंज काढून प्रायमर. रंग दोन-तीन पातळ थरांत, मधे अर्धा तास, मग क्लिअर. आठवडाभर हात लावायचा नाही. उंचवटा राहिला तर भिजवलेला २००० नंबरचा वॉटर पेपर, मग ३०००, मग पॉलिश.

शेवटी मशीन उघडून ६ मीटरची रबरी वायर बसवून घेतली. दुहेरी इन्सुलेशनचं मशीन असल्यामुळे दोनच कोर लागतात, १ चौरस मिलिमीटर भरपूर झालं. मुठीजवळची रबरी बाही जुनीच परत चढवायला विसरू नका, नाहीतर वायर तिथेच तुटते. स्क्रूवरचं सील तुटल्यामुळे वॉरंटी गेली. तशी ती प्लेटला नव्हतीच.