आधी धडा की आधी घर? धर्मशिक्षणाच्या तासाची दोन नियोजनं

जूनमध्ये एखाद्या रविवारी मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) संपल्यावर फादर गाठतात, "यंदा सातवी-आठवीची मुलं तुम्ही घ्या" म्हणतात आणि हातात पुस्तक देतात. नाही म्हणवत नाही. मग शनिवारी रात्री जेवणं उरकल्यावर खरा प्रश्न पडतो: उद्याची 40 मिनिटं सुरू कुठून करायची?

पुण्यात विश्रांतवाडीच्या बाजूला एका चर्चमध्ये मी 9 वर्षं हा वर्ग घेतोय. पहिली 4 वर्षं एका रीतीने घेतला, नंतरची 5 दुसऱ्या. त्यामुळे दोन्हींबद्दल थोडं बोलू शकतो. तुमचा वर्ग वेगळा असेल, हेही मान्य.

पहिली रीत सगळ्यांच्या ओळखीची. पुस्तकातला विषय घ्यायचा, चर्चची शिकवण समजावायची, प्रश्नोत्तरं पाठ करून घ्यायची आणि शेवटी 'जीवनात कसं आणाल' हा भाग. दुसरीत सुरुवात मुलांच्या घरातून, गल्लीतून होते. एखादा अनुभव त्यांनी सांगायचा, त्यावर जरा थांबून विचार करायचा, मग शुभवर्तमान आणि चर्चची शिकवण त्याच्याशेजारी ठेवायची आणि ते सगळं घेऊन पुन्हा घरी जायचं. अमेरिकेत शिकवणाऱ्या थॉमस ग्रूम यांनी 1980 च्या सुमारास याची पाच टप्प्यांची नीट मांडणी केली. त्याच्या कितीतरी आधी बेल्जियमचे फादर कार्डाइन तरुण कामगारांना 'पाहा, पारखा, कृती करा' शिकवत होतेच.

पहिल्या रीतीची बाजू आधी घेतो, कारण तिला उगाच नावं ठेवली जातात. तयारीला अर्धा तास पुरतो. तुम्ही आजारी पडलात तर सिस्टर तोच धडा पुढे नेऊ शकतात. काही सुटत नाही: मतांगीकार (विश्वासाची कबुली), संस्कार, आज्ञा, प्रार्थना, म्हणजे 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचे जे चार भाग आहेत ते सगळे वर्षभरात हाताखालून जातात. आणि पाठ केलेलं वाया जात नाही. माझी आजी अक्षरशत्रू होती, पण शेवटच्या आजारपणात तिच्या तोंडी लहानपणी घोकलेलीच प्रार्थना होती.

तरी मी ती रीत सोडली. कारण ऐकायला क्षुल्लक वाटेल.

धड्याचा शेवटचा भाग आला की मी विचारायचो, "मग आजपासून आपण काय करायचं?" पोरं एका सुरात, "चांगलं वागायचं, सर. आईबाबांचं ऐकायचं." विषय त्रैक्याचा असो, बाप्तिस्म्याचा असो, पुनरुत्थानाचा असो, उत्तर तेच. एकदा मी मुद्दाम धडा शिकवायच्या आधीच विचारलं, तरी तेच आलं! तेव्हा लक्षात आलं की माझ्या 40 मिनिटांचा आणि त्या उत्तराचा काही संबंधच नाही. शिवाय हा भाग शेवटी, म्हणजे निम्म्या वेळा तो व्हायचाच नाही. बाहेर पालक गाड्या चालू करून उभे, कोणाला ट्यूशन, कोणाला क्रिकेट. विश्वास आयुष्याला जोडायचं काम शेवटच्या 3 मिनिटांवर सोडलेलं, आणि तीही हॉर्नच्या आवाजात. ही एक गोष्ट मला वर्षानुवर्षं टोचत राहिली. बाकी सगळं मी चालवून घेतलं असतं.

मग एका वर्षी ख्रिस्तशरीराचा, म्हणजे मिस्सेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीचा, धडा उलटा लावला. पुस्तक बंदच ठेवून विचारलं, "तुमच्या घरी रात्री सगळ्यात शेवटी कोण जेवतं?" सगळीकडून एकच उत्तर, आई. एक मुलगी म्हणाली, आमच्याकडे भाकरी कमी पडली तर आई म्हणते मला भूकच नाही. वर्ग शांत झाला. मग लूकच्या शुभवर्तमानाचा 22 वा अध्याय उघडला, येशूचं शेवटचं भोजन: हे माझे शरीर आहे, ते तुमच्यासाठी दिले जात आहे. त्या दिवशी कोणी 'चांगलं वागायचं' म्हणालं नाही. एका पोराने विचारलं, "म्हणजे येशूला पण भूक होती का, सर?" याचं उत्तर आमच्या पुस्तकात नव्हतं. मलाही ते धड देता आलं नाही.

ही रीत परकी आहे, आजकालची आहे, असं कोणी म्हटलं तर अम्माऊसची वाट दाखवा. लूकच्याच शुभवर्तमानात, येशूच्या मरणानंतर दोन शिष्य खिन्न होऊन अम्माऊस गावाला निघालेले असतात. पुनरुत्थित येशू त्या दोघांना आधी विचारतो, तुम्ही काय बोलत चाललात? त्यांचं दुःख पूर्ण ऐकतो, मग मोशेपासून सुरुवात करतो. आणि फादर स्टीफन्सच्या 1616 साली छापलेल्या क्रिस्तपुराणाच्या, म्हणजे ख्रिस्तकथा सांगणाऱ्या मराठी ओवीबद्ध ग्रंथाच्या, आरंभीच एक नवख्रिस्ती श्रोता पाद्रीला सुचवतो की दोत्रिना (धर्माची शिकवण) शिकवता ते बरंच आहे, पण आम्हाला आणखी काही हवं. 400 वर्षांपूर्वीची तक्रार आहे ही.

दुसऱ्या रीतीचे तोटेही लपवत नाही. तयारीला माझे दोन-अडीच तास जातात. गप्पा रंगल्या की येशू यायचाच राहतो, आणि शाळेतला मूल्यशिक्षणाचा तास होऊन बसतो. असं माझं पहिल्या वर्षी किमान चारदा झालं. आणि जपूनही राहावं लागतं. देव पिता हा विषय घेताना मी सरळ "तुमचे बाबा तुमच्यासाठी काय करतात?" विचारलं. मागच्या बाकावरच्या एकाचे वडील दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेले होते, हे मला माहीत असायला हवं होतं. आता मी 'तुमची काळजी घेणारं मोठं माणूस' असं विचारतो आणि ज्याला बोलायचं नाही त्याला गप्प बसू देतो.

पुण्यात या रीतीला साहित्य मात्र आयतं मिळतं. आषाढी वारीला निघालेली ज्ञानोबांची पालखी आळंदी रस्त्याने आमच्याच भागातून जाते. पोरं रस्त्यावर उभी राहून वारकऱ्यांना पाणी देतात. पुढच्या रविवारी 'वाटचाल करणारी प्रभूची प्रजा', म्हणजे चर्च, हा एरवी जड जाणारा विषय मला जवळजवळ शिकवावाच लागत नाही. एकटं चालणं आणि दिंडीत चालणं यातला फरक त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो.

काहीजण त्या रविवारी मिस्सेत होणाऱ्या बायबलच्या वाचनांवरच तास बांधतात. मिस्सेत नुकतंच ऐकलेलं असतं, ही सोय मोठी. पण वाचनांचं चक्र तीन वर्षांचं, आणि मधूनच आलेल्या मुलाचे विषय सुटतात. मी ते आगमनकाळ (नाताळाआधीचा) आणि उपवासकाळापुरतं (ईस्टरआधीचा) वापरतो.

वर्ग पहिल्या कम्युनियनचा, म्हणजे ख्रिस्तशरीर पहिल्यांदा घेणाऱ्या मुलांचा, असेल तर पुस्तकच धरा, असं मी म्हणेन. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना पाठ करायला आवडतं, आणि पश्चात्तापाची प्रार्थना येते का हे आईबाप घरी विचारणारच. दृढीकरणाकडे, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करणाऱ्या संस्काराकडे, निघालेली मोठी मुलं असतील तर मात्र एकदा घरापासून सुरुवात करून बघा. पाठांतर तिथेही ठेवता येतं, मी शेवटची 5 मिनिटं त्यालाच देतो. फक्त वहीच्या पानावर वरच्या कोपऱ्यात एक आकडा लिहून ठेवा: कितव्या मिनिटाला बायबल उघडायचं तो. माझा 15 आहे. गप्पा कितीही रंगात आलेल्या असोत, घड्याळ तिथे आलं की मी बायबल उघडतो.