फ्लूक ११७ : वायरिंगच्या कामाला मल्टिमीटर घेताना मी काय बघितलं

दीड वर्ष झालं हा मीटर रोजच्या वायरिंगच्या कामात वापरतोय, म्हणून आता लिहायला हरकत नाही. मीटर घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी विचारतात किती काउंटचा (म्हणजे स्क्रीनवर साधारण केवढा मोठा आकडा दिसतो), टेंपरेचर मोजतो का, ट्रान्झिस्टर टेस्ट होतो का. माझं म्हणणं एकच, ते सगळं नंतर बघा, आधी हे बघा की मीटरने शून्य दाखवलं तर त्या भरवशावर वायरीला हात लावाल का.

माझ्या आधीच्या मीटरवर तर धड शून्यच यायचं नाही. झालं असं की एका लांब पाइपातून टू-वे स्विचच्या वायरी गेलेल्या, त्यातली एक मी दोन्ही टोकांनी सुटी केलेली आणि तरी मीटर तिच्यावर ८०-९० व्होल्ट दाखवतोय. अर्धा दिवस मी इन्सुलेशन कुठे सोललंय ते शोधत बसलो, दोन जंक्शन बॉक्स उघडले, शेवटी ती वायर ओढून काढून नवीन टाकली आणि नवीन वायरही तेच दाखवायला लागली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की फॉल्ट वायरीत नाहीच. डिजिटल मीटरच्या इनपुटचा रोध साधारण १० मेगाओहम, म्हणजे फार मोठा असतो, त्यामुळे शेजारच्या चालू वायरीतून कपॅसिटन्समुळे (वायरी न टेकताही) जो अगदी किंचित करंट येतो तेवढ्यावरही त्याचा आकडा चढतो. यालाच घोस्ट व्होल्टेज म्हणतात.

११७ वर ऑटो व्होल्ट लो-झेड (लो-झेड म्हणजे कमी रोध) अशी एक पोझिशन आहे. तिथे इनपुटचा रोध साधारण ३ किलोओहमवर येतो, मग घोस्ट व्होल्टेज लगेच खाली बसतं आणि खरी सप्लाय असेल तरच आकडा टिकतो, शिवाय एसी आहे की डीसी तेही तो आपलं आपण ओळखतो. मी हा मीटर घेतला तो मुख्यतः या एका पोझिशनसाठी आणि अजूनही सगळ्यात जास्त तीच वापरतो.

फक्त एक सांभाळा. लो-झेडवर प्रोब फेज आणि अर्थिंगमध्ये लावले तर २३० भागिले ३०००, म्हणजे ७५ मिलिअँपच्या वर करंट अर्थला जातो आणि ३० मिलिअँपची आरसीसीबी (अर्थला करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) पडते, कुणाचा कॉम्प्युटर चालू असेल तर तोही बंद. तिथे साध्या एसी व्होल्टवर मोजा.

आता कॅट रेटिंग, म्हणजे मीटर कुठल्या जागी वापरायला सुरक्षित आहे ते, कारण इथे फार लोक फसतात. ११७ हा कॅट ३, ६०० व्होल्टचा आहे. कॅट २ म्हणजे सॉकेटला लावायची उपकरणं, कॅट ३ म्हणजे डीबी (डिस्ट्रिब्युशन बोर्ड) आणि पक्की वायरिंग, कॅट ४ म्हणजे बाहेरून सप्लाय येते तिथपर्यंत. कॅट २, १००० व्होल्ट आणि कॅट ३, ६०० व्होल्ट या दोन्हींची टेस्ट ६००० व्होल्टच्या झटक्यानेच होते, पण कॅट २ ला तो झटका १२ ओहममधून देतात आणि कॅट ३ ला २ ओहममधून, म्हणजे करंट सहापट. म्हणून व्होल्टचा मोठा आकडा बघून कॅट २ वाला मीटर डीबीवर नेऊ नका. आणि नुसतं छापलेलं असून भागत नाही, यूएल किंवा टीयूव्हीसारख्या बाहेरच्या टेस्टिंगची खूण आहे का बघा. प्रोबवरचं रेटिंगही वाचा, मीटर आणि लीड यात जे कमी ते धरायचं.

फ्यूजचंही तसंच. प्रोब चुकून अँपच्या सॉकेटात राहिले आणि तसेच फेज-न्यूट्रलला टेकवले की सरळ शॉर्ट. स्वस्त मीटरात तिथे २५० व्होल्टचा छोटा काचेचा फ्यूज असतो, तो फुटला तरी आत आर्क (हवेतून जाणारी ठिणगी) चालू राहू शकतो. यात ११ अँप, १००० व्होल्टचा फ्यूज आहे आणि नॉब अँपवर नेला किंवा तिथून काढला की स्क्रीनवर क्षणभर ‘लीड’ असं येतं, तेवढ्यानेही आपण एकदा खाली बघतो.

ट्रू आरएमएस आहे, म्हणजे वेव्हचा आकार कसाही असला तरी खरं व्होल्टेज दाखवतो, आणि ६००० काउंट आहेत. साधा मीटर सरासरी काढून तिला १.११ ने गुणतो, ते शुद्ध साइन वेव्हला ठीक, पण स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर २३० चे २५५ दाखवतो आणि आपण उगाच इन्व्हर्टर बिघडला म्हणतो.

कंटिन्युइटीचा (वायर सलग आहे का बघायचा) बीप चटकन येतो, मला आवडतो, पण तो २० ओहमच्या खाली काहीही असलं तरी वाजतो. म्हणजे १० ओहमचा ढिला जॉइंटपण वाजून जाईल. आकडा वाचायची सवय ठेवा.

नसलेल्या गोष्टीही आहेत. मिलिअँप रेंज नाही, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी हा घेऊ नये. लो-पास फिल्टर (जास्त फ्रीक्वेन्सी गाळणारा) नाही, मोटरच्या व्हीएफडीचं (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचं) आउटपुट मोजायचं तर फ्लूकचंच ८७ व्ही हे मॉडेल बघा, त्यात फिल्टरही आहे आणि मिलिअँपही. पुढच्या टोकातला बिनस्पर्श सेन्सर मी फक्त पहिल्या अंदाजाला वापरतो, तो गप्प बसला म्हणून वायर बंद धरत नाही. बंद धरायची तर आधी चालू सॉकेटवर मीटर बघायचा, मग त्या वायरीवर, मग परत चालू सॉकेटवर. मधेच बॅटरी गेली किंवा लीड आतून तुटली तरी मीटर शून्यच दाखवणार ना.

आणि इन्सुलेशन याच्यावर बघू नका, कुठल्याच मल्टिमीटरवर नको. ओहम रेंजवर तो वायरीला थोडेच व्होल्ट देतो, तेवढ्यावर ओली वायरपण चांगली दिसू शकते. त्याला ५०० व्होल्टचा मेगरच (इन्सुलेशन टेस्टर) लागतो.