सोन्याचं क्रोनोग्राफ पॉकेट वॉच: दिवाळीपासून वापरतोय, आता सांगतो

दिवाळीच्या आधी घेतलं, १४ कॅरेटचं, झाकणवालं, स्विस. क्रोनोग्राफ म्हणजे आतच स्टॉपवॉच असलेलं घड्याळ. अंमळनेरचा अख्खा उन्हाळा त्याने काढला म्हणून आता लिहितोय, चार दिवस वापरून या घड्याळांचं काही कळत नाही.

आधी सोन्याचं, कारण सगळे तेच विचारतात. जळगावच्या सराफ बाजारात कुणालाही दाखवा, पहिला प्रश्न वजन किती. पण अख्खं घड्याळ वजनकाट्यावर ठेवून हिशोब लावू नका, मशीन पितळ-स्टीलची, काच वेगळी, आणि मागचं झाकण उघडलं की आत अजून एक पातळ झाकण असतं ते बऱ्याचदा नुसतं पितळेचं निघतं. प्रत्येक झाकणावरचा शिक्का वेगळा बघा, भिंग घेऊन. १९३४ च्या आधीच्या स्विस केसवर, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या डबीवर, १४ कॅरेटला खारीचा छाप, १८ कॅरेटला हेल्वेशियाचं, म्हणजे बाईचं डोकं. अमेरिकन केसवर २० वर्षांची गॅरंटी कोरलेली असेल तर तो नुसता सोन्याचा पत्रा चढवलेला आहे, भरीव सोनं नाही.

पण माझं म्हणणं ठाम आहे, पैसे मशीनचे द्या. सोन्याचा भाव चढला की केस भट्टीत जाते आणि मशीन उघडी पडून राहते, अशा सुट्या मशीन बघितल्या की जीव तुटतो हो.

मागचं झाकण उघडून बटण दाबून बघा एकदा. बुरुजासारखे खांब असलेलं छोटं चाक एक घर सरकतं, त्यावरची पट्टी खाली येते आणि बारीक दात्यांचं चाक फिरत्या चाकाला जाऊन भिडतं, मधला लांब काटा सुरू. दुसऱ्यांदा दाबलं की थांबतो. तिसऱ्यांदा हातोडी हृदयाच्या आकाराच्या तुकड्यावर पडते आणि काटा कुठेही असो, फटकन शून्यावर. हा हृदयाचा तुकडा घड्याळजी अडोल्फ निकोलने १८४४ मध्ये पेटंट केला, त्याआधी १८२१ चं फ्रेंच घड्याळजी रियूसेकचं यंत्र डायलवर शाईचा ठिपका टाकायचं, घोड्यांच्या शर्यतींसाठी. घेताना हेच दहा-पंधरा वेळा करून बघा. काटा शून्याच्या अलीकडे-पलीकडे थांबत असेल तर काटा सैल आहे किंवा हातोडी झिजली, आणि पार्ट बाजारात मिळत नाही, हाताने बनवावा लागतो.

आमच्या घड्याळजींनी उघडल्या उघडल्या सांगितलं, "भाऊ, तेल सुकी गयेल शे." सगळं खोलून, धुऊन, नवीन तेल घातल्यावर चाल सुधारली, आता दिवसाला अर्धा-एक मिनिट फरक, मला चालतो. भाचीचा ४०० मीटरचा सराव यावरच मोजतो. सेकंदाला पाच ठोके, म्हणून डायलवर सेकंदाचे पाच भाग, मोबाईलच्या स्टॉपवॉचशी छान जुळतं.

मला भीती होती ती मे महिन्याची. पण जुन्या चांगल्या मशीनच्या बॅलन्स चाकाची, म्हणजे मागेपुढे झुलून ठोके धरणाऱ्या चाकाची, कड दोन धातूंची असते, बाहेर पितळ आत स्टील, आणि ती दोन ठिकाणी कापलेली. उन्हात त्या चाकाची केसाइतकी बारीक स्प्रिंग नरम पडून घड्याळ मागे पडायला लागलं की कडेची टोकं आत वळतात आणि तेवढं भरून काढतात. ४४ डिग्रीत हे बघून मी खरंच थक्क झालो.

मोबाईलच्या खिशात ठेवू नका, स्प्रिंगला चुंबक लागलं की घड्याळ भन्नाट पुढे पळतं. पाऊस, घाम यापासून लांबच. झाकण बंद करताना आधी वरचं किल्ली द्यायचं बोंड दाबून धरा, झाकण बसवा आणि मग सोडा, नाहीतर नुसतं खटकन लावून सोन्याची कड झिजते, मऊ असतं ना ते. किल्ली रोज सकाळी द्यायची, एकाच वेळेला.

पुढचं घेणार ते मिनिटांची छोटी तबकडी असलेलं, ६० सेकंदांच्या पुढचं मोजताना याच्यात मनात धरावं लागतं.